ही उपमा नक्की कोणाची?

वाचकांचे प्रश्न : कथालेखन

या वेळच्या टपालात लहान मूल नायक असलेल्या कथांबद्दलचे प्रश्न बरेच आहेत. काहींनी कथेतले उतारे जोडले आहेत. ते नावं गाळून, गरजेपुरते छापत आहोत.

प्रश्न : माझ्या कथेतली मनू आठ वर्षांची आहे. आईवडील वेगळे होणार आहेत, घरात नातेवाइकांची बैठक बसली आहे आणि मनू बाहेरच्या खोलीत एकटी आहे. ती हळवी, समंजस, थोडी एकलकोंडी आहे हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. लेखनवर्गात सगळे म्हणाले, मनू दिसत नाही. मग मी उपमा-रूपकं वाढवली : 'मनूच्या मनाच्या अंगणात आठवणींचा पारिजात टपटपत होता.' तरी म्हणतात, दिसत नाही.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : रूपक देखणं असेल, पण ते मनूचं नाही, तुमचं आहे. आठ वर्षांच्या मुलीला गेल्या दिवाळीतलं सगळं आठवतं. पण आपल्याजवळ 'आठवणी' नावाचं काही साठलंय हे तिच्या गावीही नसतं. शिवाय तुमच्याच कथेत ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढली आहे. अंगण तिने पाहिलं असेल ते आजोळी, नाहीतर पाठ्यपुस्तकात. त्यामुळे वाचकाला मनूऐवजी टेबलाशी बसून लिहिणारं माणूस दिसतं, आणि तुम्ही अलंकार जितके वाढवाल तितकं ते माणूस ठळक होत जातं.

तिन्ही विशेषणं खोडा आणि मनूच्या हाताला काहीतरी काम द्या. घरात बैठक आहे ना? मग दारात चपला असणारच.

'दाराशी चपलांचा ढीग होता. मनूने मोजल्या. तेरा. तेरा कशा? मामाची दुसरी चप्पल आजीच्या सँडलखाली सापडली. तिने सगळे जोड नीट लावले. बाबांचा आईच्या शेजारी. आत मामाचा आवाज चढला. मनूने मामाची एक चप्पल उचलली आणि शूरॅकच्या मागे टाकली.'

यात एकही उपमा नाही. तरी मुलगी नीटनेटकी आहे, तिचं लक्ष आतल्या आवाजांकडे आहे, ती कोणाच्या बाजूची आहे आणि तिचा राग समोरून न येता आडून येतो, हे सगळं कळतं. बाबांचा जोड आईच्या शेजारी लावणं हे प्रतीकच आहे. पण त्याला प्रतीक म्हणणारं कथेत कोणी नाही, म्हणून ते टिकतं. इथे हात शिवशिवतात. 'जणू तिला दोघांना एकत्र आणायचं होतं' असं एक वाक्य जोडावंसं वाटतं. ते जोडलंत की चपलांचा सगळा परिच्छेद वाया गेला.

आता बाकीच्या कथेची तपासणी. छापील प्रत घ्या, पडद्यावर हे नीट होत नाही. प्रत्येक उपमा, रूपक आणि भावना सांगणारं विशेषण यांखाली रेघ मारा आणि समासात 'तिचं' किंवा 'माझं' असं लिहा. 'माझं' लिहिलेल्यांपैकी बहुतेक जागा नुसत्या खोडून भागतं, वाक्य बिघडत नाही. उरलेल्या ठिकाणी मनूच्या रोजच्या वापरातली वस्तू शोधा : खोडरबर, लिफ्टचं बटण, डब्याचं झाकण, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न. दोन-अडीच हजार शब्दांच्या कथेत मुलाच्या स्वतःच्या चार-पाच उपमा पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त आल्या की मूल कवी वाटायला लागतं.

अलंकार वयाप्रमाणे बदलतात, याकडे तर फार कमी लिहिणाऱ्यांचं लक्ष असतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'पंखा रागावलाय' ही चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तूला जिवंत मानणारा अलंकार) वाटत नाही, त्याला तो खरंच रागावलेला दिसतो. म्हणून तिथे 'जणू', 'सारखा' असले शब्द नकोत, सरळ विधान करा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे खरं नाही हे ठाऊक असतं. ते मुद्दाम तसं म्हणतं, किंवा धाकट्या भावाला घाबरवायला वापरतं. याच वयात उपमा आकाराच्या, चवीच्या, वासाच्या असतात आणि मापात हमखास चुकतात. बारा-तेराव्या वर्षी अतिशयोक्ती आणि व्याजस्तुती (वरून स्तुती, आतून निंदा) येते : 'वा, काय पण छान भाजी झालीय.' मनूच्या तोंडी हे वाक्य घातलंत तर ती आठाची राहणार नाही. आणि तेरा वर्षांची मुलगी पंखा रागावला म्हणाली, तर तिला काहीतरी झालंय असं वाचक धरून चालेल. तसं काही झालेलं असेल तर मात्र ती युक्ती जरूर वापरा.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलाचं 'मी' निवेदन लिहिलं. एका दिवाळी अंकाने 'भाषा मोठ्या माणसाची आहे' म्हणून कथा परत पाठवली. शब्द तर सगळे सोपे आहेत. 'मी' सोडून 'तो' करू का? उतारा : 'बाबांनी माझी वही फाडली. मला रडू आलं. त्या वहीबरोबर माझं बालपणही फाटलं होतं.'
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : 'तो' केल्याने आपोआप काही सुधारणार नाही. शब्द सोपे आहेत हे खरं, पण तिसरं वाक्य दहा वर्षांचा मुलगा बोलूच शकत नाही. आपलं बालपण चालू आहे हे बालपणी माहीत नसतं. ते संपल्यावर मागे वळून पाहणाराच असं म्हणतो. म्हणजे पहिली दोन वाक्यं मुलाची आणि तिसरं चाळिशीतल्या माणसाचं.

हा चाळिशीतला माणूस चालतो, फक्त तो पहिल्यापासून हजर हवा. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्टी सांगतो. त्यामुळे मधूनच येणारा त्याचा पश्चात्ताप, त्याचं भाष्य, आईबद्दलचे उमाळे हे सगळं हक्काचं आहे. सांगणारा कोण आणि ऐकणारे कोण हे आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्या टोकाला प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला शाळकरी मुलगा, लंपन. त्याच्या 'मी'ला स्वतःचे लाडके शब्द आहेत, बेळगावकडच्या बोलीचा रंग आहे, आणि जे त्याला कळत नाही ते तो न कळलेलंच ठेवतो. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. एकाच परिच्छेदात दोन्हींवर पाय ठेवला की मात्र घसरायला होतं.

'तेव्हा मला कळलं नव्हतं की...' हे वाक्य एकदा जरी लिहिलंत, तरी कथा मोठ्या माणसाने सांगितलेली ठरते. ते चौथ्या पानावर अचानक येऊ देऊ नका. हवंच असेल तर पहिल्या दीडशे शब्दांत आणा.

तुमच्या कथेला आमच्या मते तिसरी वाट जास्त मानवेल : निवेदन 'तो'चं, पण शब्द मुलाला चिकटलेले. मराठीत हे फार सहज जमतं. 'त्याने विचार केला', 'त्याला वाटलं' असल्या कुबड्या लागत नाहीत.

'रोहनने वही दप्तरात तळाशी घातली. शोधू दे आता बाबांना. नाहीच सापडणार. आणि सापडली तरी सांगायचं, सरांनी तपासलीच नाही म्हणून.'

पहिलं वाक्य निवेदकाचं, पुढची तीन रोहनची. सांधा कुठे आहे ते दिसत नाही. हे काम 'च', 'ना', 'की', 'म्हणे' असली बारकी अव्ययं करतात. मुद्रितशोधनात ती फालतू समजून कापू नका. 'आजोबा देवाघरी गेले' म्हणणारा मुलगा आणि 'आजोबा म्हणे देवाघरी गेले' म्हणणारा मुलगा, हे दोन वेगळे मुलगे आहेत. दुसऱ्याचा मोठ्यांवरचा विश्वास उडायला लागलाय.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाचे संवाद बोबडे लिहावेत का? 'मला गोली हवी' असं लिहिलं तर खरं वाटेल ना?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : एखाद-दुसऱ्या ओळीपुढे नको. सहाव्या वर्षी बहुतेक मुलं पुरेशी स्पष्ट बोलतात. आणि 'ळ'चा 'ल' वाचताना पात्रापेक्षा लेखकाचं कौतुकच जास्त ऐकू येतं.

मुलाचं बोलणं उच्चारात पकडण्यापेक्षा वाक्याच्या सांध्यात पकडा. त्या वयाची मुलं छोटी-छोटी वाक्यं बोलतात असा समज आहे. प्रश्नाचं उत्तर देताना ते खरंही असतं. पण गोष्ट सांगायला लागली की 'मग... आणि मग... मग ना...' करत एका दमात दहा घटना सांगतात. 'कारण' आणि 'म्हणून' त्यांच्याकडे असतात. 'जरी-तरी', 'त्यामुळेच', 'वास्तविक' नसतात. संवाद मोठ्याने वाचा. असले शब्द लगेच खटकतात.

दुसरं साधन आपल्याकडे फुकट आहे : कोणाला 'अहो' आणि कोणाला 'ए'. एखाद्या घरात मूल 'ए आजी' आणि 'अहो आजोबा' म्हणतं, एखाद्यात 'ए बाबा' चालतं. शिक्षिकेला 'बाई' म्हणतो, 'टीचर' म्हणतो की 'मिस', यावरून शाळा आणि बरेचदा दशकही कळतं. वर्णनाच्या चार ओळींची बचत होते. हे संबोधन कथेच्या मध्यावर बदललं तर त्याहून मोठं काम होतं. पहिल्या पानावर शेजारच्या बाईंना 'ए काकू' म्हणणारी मुलगी तिसऱ्या पानावर 'अहो काकू' म्हणाली, तर मधे काय घडलं ते तिला एका शब्दाने सांगावं लागत नाही. फक्त हा बदल निवेदकाने बोलून दाखवायचा नाही, आणि टंकनात चुकून आधीच कुठे 'अहो काकू' पडलेलं नाही ना, हे तपासायचं.

प्रश्न : माझी कथा पानशेतच्या पुरावर आहे, नायक विनायक नऊ वर्षांचा. सुरुवात अशी : '१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत खचली आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. लहानग्या विनायकच्या निरागस डोळ्यांनी हा सारा विध्वंस पाहिला.' माहिती अचूक आहे, तरी कथा बातमीसारखी वाटते.
— एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : कारण पहिल्या वाक्यातली माहिती विनायककडे नाही. धरण फुटणं म्हणजे काय, खडकवासला किती लांब, हे त्या दिवशी पुष्कळ मोठ्यांनाही नीट कळलं नव्हतं. 'निरागस डोळे' तर आधी काढा. मुलाला स्वतःचे डोळे निरागस आहेत हे ठाऊक नसतं, आणि वाचकाला ते सांगावं लागत असेल तर ते दिसलेले नाहीत.

तुमच्या हातात मात्र एक हुकमी पान आहे. पुण्याच्या वाचकाला ती तारीख माहीत आहे, विनायकला नाही. वाचकाला पात्रापेक्षा जास्त ठाऊक असणं, म्हणजेच नाट्यात्म उपरोध, बालपात्राच्या कथेत सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. म्हणून पूर आला त्या दिवशी सुरुवात करू नका, आदल्या दिवशी करा. फळ्यावर बाईंनी लिहिलंय : 'मंगळवार, ११ जुलै १९६१'. खाली : 'उद्या वह्या तपासणार.' विनायकची वही अपुरी आहे. उद्या काहीतरी व्हावं आणि शाळाच भरू नये असं तो मनात म्हणतो. बस्स. पुढचं वाचक स्वतःच करून घेईल. आणि पूर ओसरल्यावर त्या मनात म्हटलेल्या वाक्याचं ओझं विनायकवर किती बसतं, हीच तुमची कथा आहे. विध्वंसाचं वर्णन नव्हे.

हे ओझं उघड करू नका. 'आपल्यामुळेच पूर आला असं त्याला वाटलं' हे वाक्य येता कामा नये. त्याऐवजी नंतर तो कशाचीही इच्छा करायला घाबरतो असं दाखवा : आई विचारते, काय करू जेवायला, आणि तो गप्प राहतो.

काळाच्या खुणा वर्णनात न घालता स्वभावात घाला. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला सुरू झाली, म्हणजे विनायक शाळेत नव्या पैशांचा हिशोब शिकलेला आहे आणि घरात आजी अजून आण्यांत बोलते. चार आण्यांचे २५ नवे पैसे होतात, तिथे भांडण नाही. पण दोन आण्यांचे होतात साडेबारा, आणि अर्ध्या नव्या पैशाचं नाणंच नाही. दुकानदार दोन आण्यांचे बारा धरत असेल तर दोन-दोन आण्यांच्या दोन वस्तू दोनदा जाऊन घेणारा मुलगा एक नवा पैसा वाचवतो. तसा मुलगा कोण असतो, हे वाचकाला सांगावं लागत नाही. काळ कळला आणि विनायकही कळला.

उंचीकडेही लक्ष द्या. नऊ वर्षांचं मूल चार फुटांच्या आसपास असतं. ओसरलेल्या पाण्याची चिखलाची रेघ भिंतीवर त्याच्या डोक्याच्या वर असेल, तर तो मान वर करून पाहील. हात पुरतो का ते बघेल. 'दहा फूट पाणी चढलं होतं' असं तो म्हणणार नाही.

पुढच्या भागात कुटुंब गोखलेनगरला राहायला जातं असं तुम्ही कळवलंय. पूरग्रस्तांसाठी तिथे वसाहत झाली, त्यामुळे ते योग्यच आहे. पण तिथून मागे वळणारी दोन पानांची पूर्वस्मृती सलग आणि क्रमवार आहे. मुलाची आठवण अशी रांगेत येत नाही. ती वासाने, आवाजाने उसळते आणि तीन-चार वाक्यांत तुटते. दोन पानांचे पाच-सहा तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला वर्तमानातली एक वस्तू लावा, आणि एक तुकडा जाणूनबुजून अर्धा ठेवा. जे तो आठवायचं टाळतो तिथे वाचक आपोआप थांबतो.

प्रश्न : पतंग हे स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून वापरलं. परीक्षकांनी 'प्रतीक घिसंपिटं' असा शेरा दिला. दुसरं कोणतं प्रतीक वापरू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दुसरं शोधत बसू नका, पतंगाचंच बघू. घिसंपिटं आहे ते पतंगाचं आकाशात असणं. पण पतंग उडवायला खाली दोघं लागतात, आणि त्यातला एक नुसती फिरकी धरतो. तो वर बघतच नाही; त्याचं सगळं लक्ष हातातल्या फिरकीवर, ढील किती सुटते, मांजा गुंततो का, याकडे. तुमचा अकरा वर्षांचा पक्या मोठ्या चुलतभावाच्या मागे गच्चीवर उभा राहून फिरकी धरणारा आहे असं समजा. आता हे प्रतीक शिळं राहिलं नाही.

ते बसवायचं कसं? अडीच हजार शब्दांची कथा असेल तर पहिल्या तीन-चारशे शब्दांत फिरकी सहज येऊन जाऊ द्या, नुसती एक वस्तू म्हणून. तिच्यावर प्रकाश टाकू नका. मध्यावर तिच्यावर ताण आणा : पतंग कटतो, भाऊ म्हणतो, 'तू ढील दिली नाहीस', आणि दिली होती हे पक्याला माहीत असूनही तो सॉरी म्हणतो. शेवटाकडे तिचा उपयोग पालटा. भाऊ पुढे शिकायला दुसऱ्या गावी गेलाय, गच्ची आणि पतंग पक्याचाच आहे. तो शेजारच्या लहान मुलाच्या हातात फिरकी देतो आणि पहिल्याच झोताला ओरडतो, 'ढील दे ना!' इथे थांबा. त्याला स्वातंत्र्य मिळालं की तोही भावासारखाच झाला, हे वाचकाला ठरवू द्या.

तीनदा, फार तर चारदा. आलेल्या कथांमध्ये एकच वस्तू सात-आठ वेळा डोकावते, आणि दर खेपेला तिच्या मागे 'त्या फिरकीकडे पाहून त्याला वाटलं' असं काहीतरी असतं. मग वस्तू नुसती खूण होऊन बसते, वाचक तिच्याकडे बघेनासा होतो. आणखी एक चाचणी : प्रतीकाचा अर्थ काढून टाकला तरी ती वस्तू प्रसंगात काही काम करते का? फिरकी करते, तिच्याशिवाय पतंग उडणार नाही. खिडकीतल्या पिंजऱ्यातला पोपट बहुधा करत नाही.

प्रश्न : बारावीला युवकभारतीत कथा हा साहित्यप्रकार आहे. 'बालपात्राचं स्वभावचित्रण लिहा' असं विचारलं तर गुण कमी पडतात. सर म्हणतात, 'नुसतं वर्णन आहे.'
— विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : सर म्हणतात त्याचा अर्थ असा की तू स्वभावाची यादी देतेस, पण तो स्वभाव कथेत कशातून दिसला ते लिहीत नाहीस. 'ती प्रेमळ, हुशार, संवेदनशील आहे' एवढं कथा न वाचताही लिहिता येतं.

प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी हव्यात : विधान, कथेतली नेमकी कृती किंवा शब्द, आणि लेखकाने ते कोणत्या मार्गाने दाखवलं. वरच्या पहिल्या उत्तरातला चपलांचा उतारा घेऊन बघ : 'मनूचा राग थेट व्यक्त होत नाही. मामाचा आवाज चढताच ती त्याची एक चप्पल लपवते. लेखकाने इथे संवाद टाळून कृतीतून सूचन केलं आहे, त्यामुळे मोठ्यांच्या भांडणात मुलीला बोलायची मुभा नाही हेही जाणवतं.' तीन वाक्यं, एक मुद्दा. असे तीन मुद्दे सात-आठ विशेषणांपेक्षा वजनदार होतात. एक मुद्दा पात्रात झालेल्या बदलासाठी राखून ठेव : सुरुवातीला कशी होती, कोणत्या प्रसंगाने बदलली. बदललीच नसेल तर तसं लिही, तोही मुद्दाच आहे. आणि अलंकाराचं नुसतं नाव लिहून सोडू नकोस. 'इथे उपमा आहे' हे परीक्षकालाही दिसतं.

प्रश्न : शेवटी मुलाला काहीतरी शहाणपण यायलाच हवं ना? नाहीतर कथेला अर्थ काय?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : वाचकाला आलं तरी पुरे. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी जगण्याचं सार घातलं की आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते. शेवटच्या दोन परिच्छेदांवर हात झाकून कथा वाचून बघा; बहुतेक वेळा ती आधीच संपलेली असते.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची नायिका 'मी' निवेदनात वाचकाशीही खोटं बोलते. ते वाचकाला कळायला तर हवं, पण लगेच नको. कसं साधू?
— एक वाचक, औंध

उत्तर : अविश्वसनीय निवेदक म्हणजे शेवटी दिलेला धक्का नव्हे. वाचकाने मागची पानं चाळली तर त्याला पुरावे सापडायला हवेत. नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते फसवणं नायिकेचं न राहता तुमचं होतं.

मुलं खोटं बोलताना बरेचदा नको इतका तपशील देतात. त्याचा उपयोग करा. समजा, ती क्लास बुडवून मैत्रिणीकडे जाते. आईला सांगते : 'सव्वासहाला सुटलो, स्वारगेटला बस चुकली, मग दुसरी आली ती खचाखच, कंडक्टरकडे सुटे नव्हते.' कोणी विचारलं नसताना इतकं? तीक्ष्ण वाचक इथेच कान टवकारेल. पाच-सहाशे शब्दांनी ती हीच गोष्ट बाबांना सांगते आणि बस 'चुकली'ऐवजी 'बंद पडली' होते. ती स्वतः याकडे लक्ष वेधत नाही, तुम्हीही वेधू नका. तिसरा पुरावा वस्तूचा ठेवा : तिकीट नाही, किंवा पाऊस पडत असताना छत्री कोरडी.

दोन पुरावे बोलण्यातले, एक वस्तूचा. पहिल्या दोघांत अंतर, आणि वस्तू सर्वांत आधी, वाचकाला ती पुरावा वाटायच्या आत. म्हणजे कोरडी छत्री पहिल्याच पानावर दाराशी टेकलेली दिसते, आणि पावसाचा उल्लेख दुसऱ्या पानावर येतो. क्रम उलटा केलात तर तिसऱ्या ओळीत चोरी पकडली जाते. एवढं जमलं की खोटं का बोलते याचं कारण एका संवादात संपवू नका. तेरा वर्षांच्या मुलीकडे कारणं दोन-तीन असतात आणि त्यातलं तिला स्वतःला पटलेलं एकच ती सांगते. ते सर्वांत कमकुवत असू द्या.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना संपूर्ण कथा पाठवू नये. ४०० शब्दांपर्यंतचा उतारा, पात्राचं वय आणि निवेदक कोण, एवढं पुरेसं आहे.